वाऱ्याच्या पाठीमागून

दक्षिणवाऱ्याने आमची अख्खी जमात वाळूखाली घातली. थोरल्या काकांपासून नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरांपर्यंत सगळी, बायकांसकट, शेळ्यांसकट. आता हे झालंच नाही असं धरून चालू या. मी तसंच धरून चालतो. त्याने दिवस बरा जातो.

तर जमात होती, आणि मजेत होती. मजेत म्हणजे सगळे एकमेकांवर खेकसत होते, पण खेकसायला माणसं होती.

खेकसण्याचं कारण पाणी. समुद्रापासून आतल्या अंगाला, जिथे वाळू आणि खडक यांचं अजून नीट ठरलेलं नाही, तिथे आमचं टाकं होतं. खडकात खोदलेलं, आजोबा-पणजोबांच्या हातचं. त्या वर्षी दक्षिणवारा आला तो गेलाच नाही. दरवर्षी येतो, चार शिव्या खातो, जातो. या खेपेला सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा पाय पसरून बसला. दिवसभर टाक्याला तोंड लावून प्यायचा, आणि उरलेलं आम्ही.

टाक्याच्या तोंडाशी माझी आत्या दास्सिन शहामृगाच्या अंड्याची कवटी घेऊन बसायची आणि पाणी मापून द्यायची. आधी जमातीची माणसं, मग शेळ्या, मग पाहुणे. पाहुणे शेवटी का, तर त्यांनी पोटभर प्यावं, त्यांच्या मागे कोणी ताटकळत उभं नसावं. नियम चांगल्या मनाने केलेला होता. फक्त आता शेळ्यांचं होईतो तळ दिसायचा.

आणि माझी मुलगी पाहुणी होती.

हे जरा सांगायला हवं. ग्रीक व्यापारी आम्हाला प्सिली म्हणतात. म्हणताना थुंकी उडते, पण आमची थुंकी सापाच्या विषावर औषध असते, त्यामुळे आम्ही ते मानाचं समजतो. आमच्या अंगाला एक वास आहे. आम्हाला येत नाही. सापांना येतो आणि ते पळतात. शेजारचे नासामोन म्हणतात, त्यांनाही येतो. तर आमच्यात मूल झालं की ते सापापुढे ठेवतात. साप पळाला की तीन वडीलधारे एकेक करून म्हणतात, "आपला," किंवा मुलगी असेल तर "आपली." झालं. मूल जमातीत आलं, त्याला नाव मिळतं, पाणी मिळतं. साप पळाला नाही, तर मग मुलाच्या आईकडे चौकशी करतात. चौकशी ऐकायला पुष्कळ गर्दी जमते.

माझी मुलगी जन्मली आणि साप संपले. पाणी संपायच्या आधी साप संपले; अक्कल त्यांना जास्त. चाचणी होईना, त्यामुळे नाव मिळेना. लोक तिला पाहुणी म्हणू लागले. ती रांगायला लागली तरी पाहुणीच. सुनेचा वाटा तिच्या लेकराच्या मागून येतो, म्हणजे माझी बायको ताफसूत हीसुद्धा पाहुण्यांच्या रांगेत. मला मिळायच्या एका कवटीत आम्ही तिघं. ताफसूतचं दूध आटत चाललं होतं, आणि पाहुणी पूर्वी रडायची ती आता नुसतं तोंड उघडायची.

"इफ्तेन, कवटी नीट धर," आत्या म्हणाली. "सांडलंस तर परत नाही मिळायचं."

"आत्या, आज जरा पाहुणीसाठी घोटभर..."

"पाहुण्यांचं शेवटी."

"शेवटी काही उरतच नाही."

"मग पाहुण्यांनी चांगलं घर बघावं."

ताफसूत पुढे झाली. ती नासामोनांची मुलगी. त्यांच्यात बायका हळू बोलत नाहीत. "आत्याबाई, ती कुठून बाहेरून आलेली नाही. माझ्या पोटातून आली."

"हो ना," आत्या म्हणाली. "पण पोट कुठून आलं?"

रांगेतले लोक हसले. हसताना तोंड कोरडं पडतं, म्हणून लगेच थांबले.

मी साप शोधायला निघालो. खडकांच्या फटी पाहिल्या, झुडपांच्या मुळ्या उचकल्या, बिळात तोंड घालून हाका मारल्या. सूर्य डोक्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की साप असलाच, तरी मी येतोय म्हटल्यावर तो पळणार. आणि तो पळाल्यावर मी, इथे साप नाही, असं म्हणून पुढे जाणार. अख्ख्या जमातीत साप पकडू शकेल असा एकही माणूस नव्हता. आजवर कोणाला गरज पडली नव्हती.

म्हणून मी मेहुण्याकडे गेलो.

अस्पार, माझ्या बायकोचा भाऊ, आमच्या शिवेवरच्या दगडावर मांडी ठोकून बसलेला असायचा. मागे त्याच्या मेंढ्या, मेंढ्यांच्या मागे नासामोनांचे तंबू. वारा सुरू झाल्यापासून ते सगळे तिथेच मुक्कामाला होते. मेंढ्यासुद्धा टाक्याकडेच तोंड करून उभ्या असत.

"काय दाजी," अस्पार म्हणाला, "झालं का तुमचं, की अजून अवकाश आहे?"

"अवकाश आहे."

"नाही, घाई नाही हो. सावकाश मरा. आम्ही बसलोय."

"तुला दुसरीकडे कुठे जागा नाही?"

"आहे की. पण मेंढ्यांना इथली हवा मानवते."

त्याच वेळी त्या हवेने एक मेंढी आडवी पाडली. अस्पारने तिकडे पाहिलं नाही. दुधात टोळांचं पीठ कालवून तो खात होता, अगदी चवीने, बोटं चाटत. मला विचारलं नाही.

"मला एक साप हवाय," मी म्हणालो.

तो इतका वेळ हसला की त्याच्या दाढीत पीठ सांडलं. मग त्याने हाका मारून चारपाच जणांना बोलावलं, आणि ते हसले. "सापांचे राजे आले," तो म्हणाला, "साप उसना मागायला!"

"तुझ्या भाचीसाठी हवाय."

हे ऐकल्यावर तो हसायचा थांबला. दया आली म्हणून नव्हे. "पोरगी गेली तर ताफसूत माघारी आमच्याकडे येणार," तो म्हणाला. "तिचं तोंड तुम्ही ऐकलंयत. मी लहानपणापासून ऐकलंय." मग तो उठला, झुडपांच्या मागे गेला आणि कातडी पिशवीत एक साप घेऊन आला. शिंगवाला, हातभर, चांगला चिडलेला. पिशवी बाहेरून हलत होती.

"मी आणून देऊ का टाक्यापर्यंत?" त्याने विचारलं.

"नको. नासामोनाने आणलेला साप थोरले काका खरा धरायचे नाहीत. म्हणतील, शिकवून पाठवलाय."

पिशवी खांद्यावर टाकून मी निघालो. सुरुवातीला साप आत खूप धडपडला. मग कमी. मला वाटलं, सवय झाली त्याला माझी.

चाचणीला सगळी जमात जमली. चौकशी होईल या आशेने काही जण सकाळपासून जागा धरून बसले होते. थोरले काका मधोमध. त्यांचं नाव याउदा, माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडील वारल्यावर माझ्यावर ओरडण्याचं काम त्यांच्याकडे आलं, आणि त्यांनी त्यात कधी खाडा केला नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक वडीलधारा. एकाला ऐकू कमी यायचं, दुसऱ्याला दिसायचं कमी. दोघांचं मिळून एक मत व्हायचं.

ताफसूतने पाहुणीला वाळूवर ठेवलं. मी पिशवीचं तोंड सोडून उलटी केली. साप बाहेर पडला. दोरीचा तुकडा पडावा तसा पडला आणि तसाच राहिला.

पाहुणीने हात पुढे केला, सापाचं शेपूट धरलं आणि तोंडात घातलं.

"पळत नाहीये," काका म्हणाले.

"मेलाय तो, काका."

"का मेला?"

"पिशवीत होता, माझ्या खांद्यावर. वासाने गुदमरला असेल. पळायला जागाच नव्हती."

"म्हणजे तू आपला आहेस हे सिद्ध झालं," काका म्हणाले. "ते आम्हाला ठाऊक होतं. प्रश्न हिचा आहे. हिच्यापुढून साप पळाला का? नाही पळाला."

"अहो, मेलेला साप कसा पळेल?" ताफसूत म्हणाली.

"ते सापाने बघायचं."

"हिच्यापुढे आलाच नाही तो! मेलेला आला!"

"सूनबाई, आवाज खाली. कोण कोणाला तोंडात घालतंय ते दिसतंय सगळ्यांना. आपलं मूल असतं तर सापाने इतकं जवळ येऊ दिलं असतं का?"

"काय म्हणतात?" कमी ऐकू येणाऱ्याने विचारलं.

"काय दिसतंय?" दुसऱ्याने विचारलं.

"पोर साप खातंय," गर्दीतलं कोणीतरी म्हणालं.

"मग नासामोनच," आत्या म्हणाली. "ते काहीही खातात."

ताफसूतने आत्याला जे उत्तर दिलं ते मी इथे सांगत नाही. त्यात टाकं, कवटी आणि आत्याचे दात असे तीन उल्लेख होते. आत्या उठली. दोघी एकमेकींच्या केसांपर्यंत पोहोचणार, तेवढ्यात वाऱ्याचा एक मोठा झोत आला, सगळ्यांच्या डोळ्यांत वाळू गेली, आणि पाहुणीच्या हातातला साप सुटला. तो सरपटत, उलटापालटा होत, आमच्या पायांमधून उत्तरेकडे गेला आणि उताराखाली दिसेनासा झाला.

"पळाला!" ताफसूत ओरडली. "पळाला! सगळ्यांनी पाहिलं!"

कमी दिसणारा आनंदाने म्हणाला, "आपली!"

"थांब," काका म्हणाले. "वाऱ्याने नेला तो."

"कोणी का नेईना, गेला ना हिच्यापासून?"

"सूनबाई, त्याने आपलं पाणी नेलं. त्याने आपले साप नेले. आता चाचणी चालू असताना समोरचा साप उचलून नेला. त्याची साक्ष मी धरू? तो चोर आहे." काका उभे राहिले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मी त्यांना फक्त चिडलेलंच पाहिलं होतं. "आजवर मी गप्प बसलो. म्हटलं, वारा आहे, परका आहे, त्याला आपली रीत माहीत नाही. पण आज त्याने जमातीच्या कामात हात घातला. आता त्याची गाठ माझ्याशी आहे."

चाचणी तहकूब झाली. युद्ध जाहीर झालं. पाहुणीची कवटी पुन्हा शेवटावर.

युद्धाची बैठक तिथेच भरली, कारण सगळे आधीच बसलेले होते. वाऱ्याशी लढायचं कसं, यावर मतभेद झाले. एकाने भाले फेकून पाहावेत असं सुचवलं. त्याने तिथल्या तिथे एक फेकून दाखवला. भाला वाऱ्याने वळवला आणि तो आत्याच्या कवटीच्या टोपलीत पडला. फेकणाऱ्याला आत्याने खाली बसवलं.

काका म्हणाले, "हा फुत्कारतो कसा, ऐका."

आम्ही ऐकलं. वारा खडकांतून स्स्स् करत चालला होता.

"असा कोण फुत्कारतो?"

"साप," सगळे म्हणाले.

"जमिनीवरून सरपटत येतो. बिळाबिळात शिरतो. वाळूवर वळ्या काढतो. पाणी बघितलं की तोंड लावतो. लेको, हा सापच आहे. मोठा आहे म्हणून इतके दिवस ओळखू आला नाही. आणि साप आपल्याला बघून काय करतो?"

"पळतो!"

जमातीत एकदम उत्साह आला. इतके दिवस आपण उगाच भ्यालो, असं एकमेकांना सांगत लोक उभे राहिले. मला गप्प बसता आलं असतं. पण पाहुणीची चाचणी युद्धानंतर होणार होती, म्हणजे युद्ध लवकर संपायला हवं होतं. मी हात वर केला.

"काका, एक शंका. साप आपल्या वासाने पळतो."

"मग?"

"वारा येतो दक्षिणेकडून. आपला वास तो घेऊन जातो उत्तरेकडे. म्हणजे आपला वास त्याला येतच नाही. त्याचं तोंड तिकडे, आपण इकडे. आजवर तो पळाला नाही तो म्हणूनच."

काका माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की जे मी पूर्वी पाहिलं नव्हतं. कौतुक असावं.

"पोरगं बरोबर बोलतंय," ते म्हणाले. "वास पुढून जाऊन उपयोग नाही. तो येतो तिथवर जायचं, त्याच्या बिळापर्यंत, आणि वळसा घालून त्याच्या मागे उभं राहायचं. वाऱ्याच्या पाठीमागून. मग आपला वास त्याच्याच बरोबर, त्याच्याच नाकात."

"नाही, मी म्हणत होतो की..."

"आणि वास मोठा हवा. दोन-चार माणसांनी भागायचं नाही. सगळ्यांनी जायचं. म्हातारे, बाया, पोरं, सगळे. शेळ्यासुद्धा, इतकी वर्षं आपल्यात राहून त्यांनाही लागला असेल."

"मी येतो पुढे," मी म्हणालो. तसं म्हणणं भाग होतं.

"तू?" काका म्हणाले. "तुझ्या घरात पाहुणी आहे."

आमच्यात घरात पाहुणा असताना घरधन्याने लढाईला जायचं नाही. पाहुण्याला उपाशी, एकटा सोडून जाणं याहून मोठी लाज नाही. रांगेत शेवटी उभं करणं चालतं.

"मग आत्ता 'आपली' म्हणून टाका," मी म्हणालो. "म्हणजे आम्ही तिघंही येतो. वास वाढेल."

"सापाशिवाय?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की कौतुक जिथून आलं होतं तिथे परत गेलं. "युद्ध आहे म्हणून रीत सोडायची? मग युद्ध कशासाठी करायचं? परत आलो की बघू. बीळ सापडलं की साप पुष्कळ मिळतील."

बाकी कोणाच्या घरात पाहुणा नव्हता. त्या वर्षी दुसरं मूल झालंच नव्हतं. अशा वाऱ्यात कोणाचं मन लागतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने टाक्याशी बसून अख्ख्या जमातीच्या पखाली भरल्या. मग शेळ्यांना पाजलं. मग वाकून आत पाहिलं आणि कवटी काठावर ठेवली.

"सगळ्यांचं झालं," ती ताफसूतला म्हणाली. "तळाशी आहे ते पाहुण्यांचं. माजू नका."

"तुम्ही जपून जा," ताफसूत म्हणाली. तिच्या तोंडून ते शापासारखं आलं, पण तिने प्रयत्न केला होता.

ते गेले. पुढे काका, मागे ढोल, त्यामागे भाले, बाया, पाठीवरची पोरं, शेळ्या. ते दक्षिणेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर चालत होते. चालताना मोठमोठ्याने वाऱ्याला शिव्या देत होते, आणि वारा त्या सगळ्या उचलून आमच्याकडे आणत होता. माणसं दिसेनाशी झाली तरी शिव्या येतच राहिल्या. टाक्याच्या काठावर पाहुणीला मांडीवर घेऊन मी ऐकत बसलो. काकांच्या शिव्या मी ओळखत होतो, माझ्यावर झालेल्या होत्या. आत्याची एक आली. शेळ्यांचं बें बें आलं. हळूहळू शब्द तुटायला लागले, मग शिव्यांबरोबर वाळू येऊ लागली, मग शिव्या कमी आणि वाळू जास्त. समोर आभाळ तांबडं झालं. आम्ही टाक्यात उतरलो आणि त्याच्या तोंडावर कातडं ओढून घेतलं. तिथे तळाशी पाणी होतं. पाहुण्यांचं.

सगळ्यांना देऊन उरलं तर पाहुण्यांना. सगळे नव्हते. उरलं. पाहुणी पोटभर प्यायली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. तिचा आवाज थेट आत्यासारखा आहे हे मला तेव्हा कळलं.

आम्ही वर आलो तेव्हा वारा पडलेला होता. पूर्ण. इतकी शांतता होती की कान दुखत होते. दक्षिणेला जिथे सपाट होतं तिथे टेकड्या होत्या, नव्याकोऱ्या, एकही पाऊल न उमटलेल्या. नासामोन म्हणतात, वाऱ्याचं काम झालं म्हणून तो थांबला. माझं म्हणणं वेगळं आहे. माझ्या मते काका त्याच्या मागे पोहोचले, त्याला वास आला, आणि तो पळाला. फक्त हे सांगायला कोणी परत आलेलं नाही.

आले ते साप. वारा पडताच खडकांच्या फटींतून, झुडपांतून, कुठून कुठून निघाले. त्यातला एक, शिंगवाला, सरसर टाक्याकडे आला. पाहुणी काठाजवळ रांगत होती. तिने त्याला पाहिलं, "आं!" केलं आणि त्याच्या दिशेने निघाली. साप थांबला. जीभ बाहेर काढली. आणि असा वळून पळाला की वाटेत आपल्याच शेपटावरून गेला.

ताफसूतने पाहिलं. मी पाहिलं. शिवेवरून मेंढ्या घेऊन येणाऱ्या अस्पारनेही पाहिलं, आणि उडी मारून दगडावर चढला, कारण साप आता त्याच्याकडे पळत होता.

"झालं!" मी ओरडलो. "झाली चाचणी!"

"बरं झालं बाबा," अस्पार दगडावरून म्हणाला. "अभिनंदन. आता म्हणा काय म्हणायचं ते."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बापाला म्हणता येत नाही. बापाचं म्हणणं काय असणार हे सगळ्यांना माहीत असतं. तीन वडीलधारे लागतात.

"मी म्हणू?" अस्पार म्हणाला.

"तू नासामोन आहेस."

"दाजी, इथे आता सगळे नासामोनच आहेत." त्याने मागे हात केला. मेंढ्या टाक्याभोवती जमल्या होत्या, त्यांच्या मागून तंबू येत होते, बाया खुंट्या ठोकत होत्या. कोणी आम्हाला विचारलं नाही. एकाने आमचं अंथरूण उचलून बाजूला ठेवलं, अगदी नीट घडी घालून. ताफसूतच्या एका चुलत बहिणीने आत्याची कवटी उचलली आणि ती टाक्याशी बसली. पाणी थोडं होतं, पण झिरपून वाढेल असं ती म्हणाली. आधी त्यांची माणसं, मग मेंढ्या. आम्ही कुठे, असं मी विचारलं.

"तुम्ही पाहुणे," ती म्हणाली. "बसा ना."

अस्पार दगडावरून उतरला. "हे बघा दाजी. तहान लागलेल्या माणसाशी मी भांडत नाही, चुकून जिंकायचो मी. आमच्यात परक्याला आपलं कसं करून घेतात ते तुम्हाला माहीत आहे. एकमेकांच्या ओंजळीतून पाणी प्यायचं, पाणी नसेल तर जमिनीवरची माती चाटायची. पाणी आत्ता मेंढ्यांना लागतंय, तर तुम्ही तिघं माती चाटा. आजच्या आज आमचे व्हा. पोरीला नाव मिळेल, कवटी मिळेल, मेंढ्यांच्या आधी."

"ती आपली आहे," मी म्हणालो. "साप पळाला."

"कोणाची आपली? 'आपली' म्हणायला आपण तरी हवेत ना कोणी! वाळूचे ढीग आहेत ते. त्यांच्यात घेणार तिला?"

"मी आहे."

"एकटा माणूस जमात नसतो, दाजी. एकटा माणूस पाहुणा असतो."

मी ताफसूतकडे पाहिलं. पाहुणी तिच्या कडेवर होती आणि मेंढ्यांच्या पाण्याकडे बघत जीभ बाहेर काढत होती.

"अहो, चाटा माती," ताफसूत म्हणाली. आवाज हळू होता, म्हणून मला भीती वाटली. "माझ्या पोरीला तुमच्या आत्याने पाणी दिलं नाही, काकांनी नाव दिलं नाही. आता मेल्यावर त्यांचा मान राखत बसणार?"

"तिने चाचणी दिली, ताफसूत. ती उत्तीर्ण झाली. माती चाटली की ती पाहुणी म्हणूनच राहिली असं होईल. आपल्यात परकी राहिली आणि परक्यांत गेली. तीन माणसांनी एक शब्द म्हणायचा राहिलाय फक्त."

"मग आणा ती तीन माणसं."

"कुठून आणू?"

"ज्याने नेली त्याला विचारा. तुमचं भांडण त्याच्याशी आहे ना? जा, विचारून या." तिने मेंढ्यांकडे बोट केलं. "यांचं पिऊन होईपर्यंत मी थांबते. शेवटच्या मेंढीने तोंड वर केलं की मी पोरीला घेऊन खाली वाकणार. तुम्ही असाल तर तुमच्याबरोबर, नसाल तर तुमच्याशिवाय."

तिने हे तोडून सांगितलं आणि पाठ फिरवली. अस्पार म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो, तिचं तोंड?"

मेंढ्या भराभर पीत होत्या. मी सगळ्यात जवळच्या नव्या टेकडीवर चढलो. पायाखाली कोण होतं कोणास ठाऊक; जपून पाय टाकत गेलो. वर पोहोचून दक्षिणेकडे तोंड केलं. वारा नव्हता. कुठे तरी आत, आपल्या बिळात, बसला असेल. शिव्या द्यायला तोंडात ओल नव्हती, आणि शिव्यांनी काय झालं ते समोर दिसतच होतं. म्हणून मी काकांचा बैठकीतला आवाज काढला, जो ते परक्या जमातींशी बोलताना काढायचे, आणि सुरुवात केली.

"दक्षिणवारा यांचे सेवेशी. अर्जदार इफ्तेन, जमात प्सिली, सध्या मुक्काम पाहुणा. विषय, प्रलंबित चाचणीचा निकाल मिळणेबाबत. आपण व आमची जमात यांच्यात झालेल्या युद्धाबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. पाणी, शेळ्या, ढोल व इतर सामान आपल्याकडेच ठेवावे. मात्र आमच्या जमातीतील तीन वडीलधारे इसम आपल्या ताब्यात असल्याने अर्जदाराच्या मुलीचे काम अडले आहे. तरी सदर तिन्ही इसमांना, निदान मानेपर्यंत, 'आपली' एवढा एकच शब्द उच्चारण्यापुरते वाळूबाहेर काढण्याची कृपा व्हावी. एकाला ऐकू कमी येते, त्याला मोठ्याने सांगावे लागेल. काम होताच तिघांनाही जसेच्या तसे परत पुरण्याची हमी अर्जदार घेत आहे. मेंढ्या थोड्याच उरल्या आहेत, सबब सत्वर निर्णय व्हावा, ही नम्र विनंती."